शेवटची छत्तीस पानं

बल्गेरियातल्या आमच्या रुसे गावात, डॅन्यूबच्या काठी, दोब्रिंका साराफोवा यांनी अठ्ठावीस वर्षं बंदराच्या कचेरीत नोंदी केल्या. कोणती बोट किती वाजता लागली, काय माल उतरला, कधी सुटली. निवृत्त झाल्यावर निवांत कादंबऱ्या वाचायच्या एवढाच त्यांचा बेत होता. कादंबऱ्या म्हणजे खुनाच्या, थरारक, नाहीतर जुन्या काळातल्या प्रेमाच्या. बाकीच्या पुस्तकांचं त्यांना वावडं नव्हतं, पण ओढही नव्हती. "ज्या पुस्तकात कुणी मरत नाही आणि कुणी कुणाच्या प्रेमातही पडत नाही, ते लिहिलं कशाला?" असं त्या सरळ विचारायच्या.

मी 'नदीकाठ' साप्ताहिकात पानं लावते आणि प्रुफं तपासते. त्या वेळी आमच्या सातव्या पानावर एक निवृत्त शिक्षक, पानायोतोव सर, नव्या पुस्तकांवर लिहीत. लांबलचक लिहीत. रहस्यकथांवर लिहायचं म्हणजे त्यांना चिखलात पाय घातल्यासारखं वाटायचं. एकदा त्यांनी एका नव्या कादंबरीवर लिहिताना दुसऱ्याच परिच्छेदात खुनी कोण ते सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे एक पोस्टकार्ड आलं. "तुमच्या सरांनी सांगितलं की खून डॉक्टरने केला. मी एकशे चाळीसाव्या पानावर होते. असल्या माणसाला रेल्वेच्या वेळापत्रकावर लिहायला बसवा, तिथे शेवट फोडला तरी कुणाचं नुकसान नाही. — दोब्रिंका साराफोवा."

आमचा संपादक स्विलेन ते वाचून इतका हसला की त्याने त्यांना बोलावूनच घेतलं. "मावशी, तुम्ही लिहाल का?"

"मला लिहिता येत नाही. नोंद करता येते."

"मग नोंद करा."

दर शुक्रवारी, सरांच्या जागी, तीन पुस्तकं. एक रहस्यकथा, एक थरारक, एक ऐतिहासिक प्रेमकथा. सोफियाहून प्रकाशकांची पार्सलं यायची, त्यातून त्या निवडून न्यायच्या. लिहिणं अगदी थोडकं. "प्रेत पहिल्या पानावर, ते बरं. पोलीस मात्र फार जेवतो. दोन संध्याकाळींचं पुस्तक. वार्नाच्या गाडीत बसणाऱ्यांनी न्यावं, प्लोव्दिवपर्यंत पुरणार नाही." एका थरारक कादंबरीत नायक एप्रिलच्या बर्फगार पाण्यातून नदी पोहून पलीकडे रोमानियात जातो, त्यावर त्यांनी लिहिलं, "लेखकाने आधी स्वतः गुडघ्यापर्यंत उतरून बघावं." लोक सातवं पान आधी उघडू लागले. पुस्तकाच्या दुकानात बायका कापलेला मजकूर हातात घेऊन यायच्या.

बाईंचे नियम दोन. शेवट सांगायचा नाही, आणि शेवट वाचल्याशिवाय लिहायचं नाही. "मी पुस्तक शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचते," हे त्यांनी एकदा छापूनच टाकलं होतं.

शेवट त्या फक्त एका माणसाला सांगायच्या. नवऱ्याला, लाझारकाकांना. काका बंदरावर क्रेन दुरुस्त करायचे. त्यांनी उभ्या जन्मात कादंबरी उघडली नाही, पण रात्रीचं सूप पुढ्यात आलं की विचारायचे, "काय दोब्रिंके, कोणी मारलं?" आणि बाई सगळं सांगायच्या, पहिल्यापासून. मग काका बाजारात मासेवाल्याला चिडवत. "अरे आसेन, तू वाचतोयस ना ते? मला माहीत आहे कोण ते. दोन कार्प दे चांगले, नाहीतर सांगतो."

"काका, कार्प घ्या आणि जा इथून!" आसेन ओरडायचा. काकांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

आठ वर्षं असं चाललं. नवव्या वर्षी डिसेंबरात काकांच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी फारशी आशा ठेवली नाही. जानेवारीपासून बाई दिवसभर इस्पितळात. तिथेच खाटेशेजारी खुर्चीत बसून वाचायच्या, तिथेच गुडघ्यावर वही ठेवून लिहायच्या. मी दर बुधवारी जाऊन कागद घेऊन यायचे. काका झोपलेले असले तर बाई तोंडावर बोट ठेवून दाराकडे बोट दाखवायच्या.

फेब्रुवारीत व्हेलिको तर्नोवोच्या एका छोट्या प्रकाशकाकडून 'सिलिस्त्राची घड्याळवाली' नावाची कादंबरी आली. लेखिका एलित्सा व्राबचेवा, पहिलंच पुस्तक. सिलिस्त्रा म्हणजे आमच्याच नदीवरचं, खालच्या अंगाचं गाव; तिथली दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. नवऱ्यामागे घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारी एक विधवा, तिची लहान मुलगी, म्हातारी सासू, आणि पलीकडच्या काठावरचा, आगबोटीचं सुकाणू धरणारा एक माणूस. बाईंनी मला सांगितलं, "बरं लिहिते ही. बघू या पुढे काय होतं."

फेब्रुवारीतल्याच एका मंगळवारी पहाटे काका गेले. गुरुवारी दफन होतं. शुक्रवारच्या अंकात सातवं पान मी रिकामं धरलं होतं, दुसरं काहीतरी टाकणार होते. पण दफनाच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, बाई स्वतः कचेरीत आल्या. काळा रुमाल, डोळे कोरडे, हातात कागद. "हे घे. तीन आहेत."

मी म्हटलं, "मावशी, या आठवड्यात कशाला..."

"मग काय करू घरी बसून? घे."

रहस्यकथेचं आणि थरारक कादंबरीचं नेहमीसारखंच होतं. तिसऱ्यात मात्र लिहिलं होतं: "घड्याळवाली सुकाणूवाल्यामागे नदीपार निघून जाते. पोटची मुलगी मागे, सासू मागे. याला लेखिका प्रेम म्हणते. ज्याने कुणाच्या उशाशी बसून रात्र काढलेली नाही त्यानेच असला शेवट लिहावा. लेखिकाबाईंना घड्याळ दुरुस्त करता येत असेल, माणूस नाही."

वाचताना माझ्या मनात आलं, अरे, यांनी शेवट सांगितला. आठ वर्षांत पहिल्यांदा. पण त्या बाईसमोर, त्या दिवशी, हे कोण बोलणार? मी मजकूर तसाच लावला.

शेवटचं वाक्य गावभर झालं. "माणूस दुरुस्त करता येत नाही" हे कुणी नवऱ्याला म्हणायचं, कुणी साहेबाला.

दोन आठवड्यांनी सिलिस्त्राहून पत्र आलं. टपाल मीच फोडते. एकच ओळ होती. "साराफोवाबाईंनी माझं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं का, एवढंच कळवावं. — ए. व्राबचेवा."

मी ते स्विलेनकडे नेलं. त्याने वाचलं आणि खण उघडला. "ज्याच्यावर वाईट लिहिलं जातं तो प्रत्येक जण हेच विचारतो."

"बाईंना दाखवायचं?"

"आत्ता? नवरा जाऊन महिना नाही झाला. राहू दे." आणि त्याने खण बंद केला. मीही गप्प बसले.

वर्ष गेलं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद घराच्या दारावर लागतो. चाळीस दिवसांनी नवा, सहा महिन्यांनी नवा, वर्षाने नवा. वर्षाच्या कागदासाठी बाईंना काकांचा एक हसरा फोटो हवा होता. काकांच्या पाकिटात तो असायचा, आणि पाकीट इस्पितळातून आणलेल्या पिशवीत होतं. ती पिशवी त्यांनी वर्षभर कपाटाच्या तळाशी तशीच ठेवली होती. त्या दिवशी उघडली. सपाता, दाढीचा ब्रश, चष्मा, पाकीट. आणि 'सिलिस्त्राची घड्याळवाली'. आत खूण म्हणून इस्पितळाच्या जेवणाची चिठ्ठी घातलेली. दोनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर. पुस्तक तीनशे चोवीस पानांचं.

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, "आधी वाटलं, कुणी तरी चिठ्ठी मागे सरकवली असेल. मग पुढची पानं बघितली. एकमेकांना चिकटलेली होती, छापखान्यातून आल्यासारखी. मी ती उघडलीच नव्हती, रालित्सा. आणि मला खरंच वाटत होतं की मी वाचलंय. मी शपथेवर सांगितलं असतं."

स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्यांनी ती छत्तीस पानं वाचली. घड्याळवाली गाठोडं घेऊन धक्क्यापर्यंत जाते, हे खरं. पण बोट सुटते आणि ती परत फिरते, दुकान उघडते. त्यानंतर एक अख्खा हिवाळा जातो. वसंतात सुकाणूवाला पायी चालत दुकानात येतो. बोट सोडलेली, बूट चिखलाने भरलेले. खिशातलं बंद पडलेलं घड्याळ पुढे ठेवून विचारतो, "होईल का हे?" ती म्हणते, "चार दिवस लागतील." तो म्हणतो, "थांबतो." पुस्तक संपतं.

सोमवारी सकाळी बाई कचेरीत आल्या आणि स्विलेनसमोर पुस्तक ठेवलं. मी तिथेच होते.

"मी हे शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. अंदाजाने लिहिलं, आणि अंदाज चुकला. या शुक्रवारी तसं छापायचं आहे."

स्विलेन खुर्चीत मागे रेलला. "मावशी, वर्ष झालं. कुणाच्या लक्षातही नाही."

"माझ्या आहे."

"तुमच्या नावावर पान चालतं. लोक म्हणतील, एक वाचलं नाही म्हणजे बाकीचीही वाचली नसतील. प्रकाशक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्या बाईच्या तर लक्षात असेल ना?"

स्विलेनने खण उघडून ते पत्र काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं. बाईंनी चष्मा लावला. एक ओळ वाचायला किती वेळ लागतो? त्या बराच वेळ वाचत होत्या.

"कधी आलं?"

"गेल्या वर्षी. मार्चमध्ये."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"मावशी, तुमचं दुःख ताजं होतं..."

"दुःख माझं होतं," त्या म्हणाल्या. "पुस्तक त्या बाईचं होतं."

आवाज चढला नाही. मला मात्र तोंड कुठे लपवावं ते कळेना. स्विलेन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि बाहेर बघत म्हणाला, "लिहा. जसं हवं तसं."

शुक्रवारी सातव्या पानावर एकाच पुस्तकाबद्दल मजकूर होता. "गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी 'सिलिस्त्राची घड्याळवाली'बद्दल लिहिलं. तेव्हा मी तीनशे चोवीसपैकी दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं वाचली होती. शेवट म्हणून जो सांगितला तो माझ्या मनातला होता, पुस्तकातला नाही. खरा शेवट मी सांगणार नाही. तो चांगला आहे, वाचण्यासारखा आहे. नवऱ्याचा आजार हे कारण आहे, सबब नाही. लेखिकेबद्दल लिहिलेलं शेवटचं वाक्य मी परत घेते. पुढचे चार आठवडे या पानावर मी नसेन."

स्विलेन म्हणाला होता तसंच झालं. सोफियाच्या दोन प्रकाशकांनी पार्सलं पाठवणं बंद केलं. पानायोतोव सरांनी चार पानी पत्र धाडलं, त्यातली साडेतीन पानं स्वतःबद्दल होती. बाजारात आसेन मासेवाला कार्प उचलून दाखवायचा, "मावशी, हा शेपटीपर्यंत तपासून घ्या हं, नाहीतर वर्षाने याल!" सगळे हसायचे. बाई म्हणायच्या, "तपासते. तू आधी वजनावरचा अंगठा काढ." मग पुन्हा सगळे हसायचे, पण या खेपेला आसेनवर. घरी येऊन मात्र त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मी डबा घेऊन गेले तर दार उघडलं, डबा घेतला आणि दार लावलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "तुझी गाडी सिलिस्त्रापर्यंत टिकेल का?"

"टिकेल. का?"

"मग शनिवारी ये आठ वाजता. माझा राग गेलेला नाही, पण बसला माझी कंबर चालत नाही."

दोन तासांच्या वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. एलित्सा व्राबचेवा शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होती. चाळिशीची, केस बारीक कापलेले, बोटांना खडूचे डाग. आम्ही कळवून आलो होतो, तरी तिने आम्हाला क्षणभर दारातच उभं ठेवलं. मग आत घेतलं आणि कॉफी ठेवली. सोबत काही नाही.

बाई म्हणाल्या, "छापलंय ते तुम्ही वाचलं असेल. पण छापणं सोपं असतं. तोंडावर सांगायचं होतं, म्हणून आले. मी तुमच्यावर अन्याय केला."

"वाचलं." एलित्साने पेला फिरवला. "मुलांनी माझ्या वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवलं होतं ते तुमचं वाक्य. घड्याळ दुरुस्त करता येतं, माणूस नाही. सकाळी आत गेले की फळा पुसायचा आणि शिकवायचं. महिनाभर. दुकानांनी पुस्तकं परत पाठवली. दुसरं पुस्तक अर्धं झालं होतं, ते मी कपाटावर टाकलं." मग बाईंकडे सरळ बघून म्हणाली, "पहिलं सगळ्यांनी वाचलं. तुमची माफी कितीजणांनी वाचली असेल?"

बाई म्हणाल्या, "थोड्यांनी."

"मग?"

"मग काही नाही. ते मला भरून देता येणार नाही."

शेजारच्या घरात कुणीतरी गालिचा झोडपत होतं. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात एलित्साने विचारलं, जरा रागानेच, "आता तरी पूर्ण वाचलंत ना? मग कसं वाटलं ते सांगा. खरं."

मला वाटलं, बाई आता गोडगोड बोलतील. त्यांनी पर्स उघडली आणि टिपणाचं कार्ड काढलं.

"शेवट उत्तम. 'थांबतो' हा शब्द दुसऱ्या कुणाला सुचला नसता. सासू फार चांगली उतरली आहे. पण एकशे नव्वदपासून दोनशे तीसपर्यंत पुस्तक बसतं. चाळीस पानं पाऊस पडतोय आणि माणसं पत्रं लिहितायत. निम्मी काढा. आणि तुमची आगबोट सिलिस्त्राहून रुसेला पाच तासांत पोचते. ते कसं?"

"का? अंतर एकशे वीस किलोमीटर आहे. मी हिशेब केला होता."

"नदीचा केला नव्हता. बोट प्रवाहाच्या उलट चढते आहे बाई! पदार्थविज्ञान शिकवता ना?"

एलित्सा लाल झाली. मग तिने तोंडावर हात ठेवला, आणि मला कळेना की ती रडते आहे की हसते आहे. हसत होती. "किती तास?"

"त्या काळच्या बोटीला बारा तरी. वाटेत लाकूड भरायला थांबली तर चौदा."

"थांबा." ती आत गेली आणि पेन्सिल घेऊन आली. येताना जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी आणि पावही घेऊन आली. त्यानंतर दोन तास त्या दोघी नदीबद्दलच बोलत होत्या. बर्फ कधी धरतो, धुक्यात घंटा कशी वाजवतात, धक्क्यावर दोर कोण पकडतो. मी मुरंबा संपवला.

निघताना एलित्सा म्हणाली, "तुम्हाला माफ केलंय असं नाही अजून."

"घाई नाही," बाई म्हणाल्या.

चार आठवडे झाल्यावर बाई पानावर परतल्या. एका प्रकाशकाने पुन्हा पुस्तकं पाठवायला सुरुवात केली, दुसऱ्याने नाही. त्याची त्या वाचनालयातून आणतात. एक बदल त्यांनी स्वतःच केला. पानाच्या तळाशी 'अर्धवट सोडलेली' असा नवा चौकोन घेतला. "एकशे बाराव्या पानावर सोडलं. गुप्तहेराला चौथ्यांदा सर्दी झाली." हल्ली लोक तोच आधी वाचतात.

एलित्साचं दुसरं पुस्तक दीड वर्षाने निघालं. त्यात बोटी वेळेवर पोचतात. फार खपलं असं नाही, पण दुसरी आवृत्ती निघाली, आणि तिच्यासोबत पहिल्या पुस्तकाचीही, पावसाची वीस पानं कमी करून. एलित्सा उन्हाळ्यात एकदा रुसेला येऊन बाईंकडे राहून गेली. माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या पुस्तकावर लिहायला बाईंनी नकार दिला. "मी तिच्या घरचा मुरंबा खाल्लाय. तू लिही."

"मुरंबा मीच जास्त खाल्ला, मावशी."

"मग तसं खाली लिही."

मी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकावर लिहिलं. तीनदा खोडलं, शेवटी एक पान झालं. बाईंनी चष्मा लावून उभ्याउभ्या वाचलं आणि माझ्या हातातली पेन्सिल घेतली.

"बरं आहे," म्हणाल्या. "पण अर्धं कर. आणि हे 'अप्रतिम' काढ, त्यातून काही कळत नाही."